केसरमावशीची बटई

आमच्या शेजारच्या केसरमावशीकडे कोणी धंद्यासाठी पैसे मागायला आलं, की ती त्याला पहिला प्रश्न विचारते, "आतापरयंत काय काय बुडवलं?"

समोरचा माणूस गडबडतो. तो घरून प्रकल्प अहवाल घेऊन आलेला असतो. त्यात पाच वर्षांच्या नफ्याचा चढता आलेख असतो, कधी एखाद्या मामाच्या ओळखीची चिठ्ठीही असते. बुडवल्याची यादी कोणी करून आणत नाही. बहुतेक जण छाती पुढं काढून सांगतात, की मावशी, आपण आजवर काहीच बुडवलेलं नाही. अशांना मावशी चहासुद्धा विचारत नाही. "मंग आधी कोठी तरी बुडवून ये. पयलं बुडवनं माह्याच पैशानं काहून?" असं म्हणते आणि आपल्या रोपांकडे वळते. एखादा मात्र मान खाली घालून सांगतो, की मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आठ महिन्यांत बंद पडलं, उधारी मित्रांनाच जास्त दिली. त्याला ती बसायला स्टूल देते आणि ती हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावते.

हे सगळं मी कुंपणापलीकडून बघत आलो आहे. मी बँकेतला माणूस. शेवटची बदली वाशीमला झाली, गाव आवडलं, पुसद रोडला घर घेतलं आणि निवृत्त झालो. घराला लागूनच मावशीची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीच्या शेडखाली वांगी, मिरची, टमाटे आणि कोबीची रोपं ट्रेमध्ये ओळीनं उभी असतात आणि त्यांच्यामधून मावशी फिरत असते. वय पासष्टीच्या पुढं, अंगानं काटक. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शर्ट मात्र ती आळीपाळीनं तीन वापरते. वरच्या खिशात मोबाईल, बॉलपेन आणि फाडलेलं बियांचं पाकीट हे कायमचं.

बँकेत चौतीस वर्षं मी लोकांना नम्रपणे नाही म्हणण्याचा पगार घेतला. त्यामुळे मावशीचा कारभार सुरुवातीला मला वेडेपणा वाटायचा, आणि मी तो तिला बोलूनही दाखवायचो. ती ऐकून घ्यायची आणि जाताना मूठभर कोथिंबीर हातात द्यायची.

झालं असं, की तिचं चार एकर शेत नव्या मोठ्या रस्त्यात गेलं आणि मोबदला हातात आला. त्या रस्त्यानं आमच्या भागात खूप जणांना मोबदला दिला. लोकांनी गाड्या घेतल्या आणि त्याच रस्त्यावरून फिरवल्या. मावशीनं काहीच घेतलं नाही. रोपं लावताना ती मोबाईल विटेला टेकवून काहीबाही ऐकत असते. कीर्तन संपलं की त्याचं त्याचं पुढचं काहीतरी सुरू होतं. एक दिवस कोणीतरी सुटातला माणूस नव्या कंपन्यांना भांडवल कसं मिळतं ते सांगू लागला, आणि हिनं हात मातीचे असल्यामुळे तो बंद केला नाही. संध्याकाळी तिनं मला कुंपणाशी बोलावून विचारलं, की व्हेंचर कॅपिटल म्हणजे नेमकं काय.

मी खुर्ची आणवली. बँकेतल्या माणसाला असा श्रोता रोज मिळत नाही. मी सांगितलं, की कंपनी नवी असते, तिच्याकडे तारण ठेवायला काही नसतं, म्हणून आमच्यासारखे तिला दारात उभं करत नाहीत. हे लोक कर्ज देतच नाहीत. ते पैसे देतात आणि कंपनीत हिस्सा घेतात. कंपनी बुडाली तर पैसे गेले, कोणी मागायला जात नाही. चालली तर हिस्स्याची किंमत कितीतरी पट होते. दहा कंपन्यांत पैसे टाकले तर सात-आठ जातात, दोन जेमतेम जगतात आणि एखादी अशी वाढते, की सगळ्यांचं भरून निघतं. मी आणखी बराच वेळ बोललो असतो, पण मावशीनं मान हलवली.

"म्हनजे बटई," ती म्हणाली.

आमच्याकडे शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं तर दोन रीती आहेत. ठोक्यानं दिलं, तर आधी ठरलेली रक्कम मालकाला मिळालीच पाहिजे, मग पीक येवो की पावसानं जावो. बटईनं दिलं, तर जे येईल त्यात दोघांचा वाटा. आलं तर दोघांचं, गेलं तर दोघांचं. मी चौतीस वर्षं जे केलं तो ठोका होता आणि तो सुटातला माणूस सांगत होता ती बटई होती. एवढं सांगायला मी चाळीस मिनिटं घेतली होती.

सात-आठ बुडतात याचं तर तिला काहीच वाटलं नाही. तिनं मला ट्रे दाखवला. अठ्ठ्याण्णव खान्यांचा ट्रे, प्रत्येक खान्यात एक बी. "सायेब, हा कधी पुरा उगवलेला पाह्यला तुमी?" तिनं विचारलं. मी पाहिला नव्हता. कोणतं बी उगवणार ते ठाऊक असतं तर तेवढंच लावलं असतं, असं तिचं म्हणणं. ठाऊक नसतं म्हणून सगळे खाने भरायचे.

आणि तिनं खाने भरायला सुरुवात केली.

पहिला एक जण म्हशींचे केस कापणारा होता. मोटारसायकलवर बॅटरीचं मशीन बांधून घरोघर जायचा. धंदा चांगला निघाला, पण म्हशीचे केस वर्षातून एकदाच कापतात, हे त्यानं हिशेबात धरलं नव्हतं. दुसरा लग्नात ड्रोननं चित्रीकरण करायचा. मंगरूळपीरकडच्या एका वरातीत त्याचा ड्रोन घोड्याच्या कानाशी गेला. घोडा नवरदेवाला घेऊन जो सुटला तो शेजारच्या गावात दुसऱ्याच मांडवासमोर थांबला, आणि तिथल्या लोकांनी ओवाळलंही म्हणतात. ड्रोन विहिरीत गेला. पोरगा दुसऱ्या दिवशी मावशीसमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी कान देऊन होतो. तिनं ड्रोनची किंमत विचारली नाही. घोड्याला लागलं का, ते विचारलं, आणि मग विचारलं, की आता वरातीत किती उंचीवरून उडवशील. त्यानं उंची सांगितली. तिनं त्याला दुसऱ्यांदा पैसे दिले. आज तो शेतांवर औषध फवारणारे ड्रोन चालवतो आणि बरं चाललंय. तिथं घोडे नसतात.

पैसे ती एकदम कधीच देत नाही. सुरुवातीला झारीनं शिंपडल्यासारखे थोडे. मग म्हणते, "दोन पानं दाखव." म्हणजे चार गिऱ्हाइकं आण, एक वस्तू विकून दाखव, काहीतरी हिरवं दिसू दे. पानं दिसली की पुढचं पाणी. मोठमोठे फंड हेच करतात आणि प्रत्येक हप्त्याला इंग्रजी अक्षराचं नाव देतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला त्या लोकांबद्दल जरा आदर वाटला. एका व्हिडिओत कोणीतरी सांगत होतं, की फार मोठ्या झालेल्या नव्या कंपनीला शिंगाच्या घोड्याचं नाव देतात. त्यावर ती म्हणाली, की शिंगं असलेली बकरी बरी, निदान दूध देते.

महिन्याच्या पहिल्या बुधवारी शेडमध्ये मिटिंग. हजर राहणं सक्तीचं. प्रत्येकानं आधी या महिन्यात काय बिघडलं ते सांगायचं, नंतर वेळ उरला तर नफा. मावशी बेसनाच्या पातोडीची भाजी आणि भाकरी करते, आणि ज्याला त्या महिन्यात नफा झाला असेल त्याला सगळ्यात शेवटी वाढते. नफेवाल्याचं तोंड आधीच गोड झालेलं असतं, त्याला भाजीची घाई कशाला, असा तिचा न्याय. रडत आलेल्याला मात्र पहिलं ताट. एकदा दोघे तिघे भाजी आटोपण्याआधी आपलं ताट यावं म्हणून तोटा फुगवून सांगताना पकडले गेले.

या सगळ्या ट्रेमध्ये एक बी सगळ्यात जोमानं उगवलं ते प्रणालीचं.

प्रणाली खंडारे मूळची धनजची. वडील जऊळक्याच्या स्टेशनवर पॉइंट्समन. पोरगी अमरावतीला इंजिनिअर झाली आणि नोकरीच्या मागं न लागता परत आली, कारण तिच्या डोक्यात एक डबी होती. आजोबांबरोबर सोयाबीन विकायला गेली असताना तिनं पाहिलं होतं, की एकाच पोत्यातल्या दाण्याचा ओलावा एका दुकानात वेगळा निघतो आणि दुसऱ्या दुकानात वेगळा, आणि भाव त्याच्यावर कटतो. आजोबा प्रत्येक ठिकाणी हो म्हणत होते. तिला वाटलं, शेतकऱ्याच्या खिशात आपलं मशीन असावं. मूठभर दाणे डबीत टाकायचे, मोबाईलवर आकडा बघायचा, मग बाजारात जायचं. डबीचं नाव तिनं 'दाणा' ठेवलं.

ती कर्जासाठी आमच्या बँकेत आली. माझं निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी तिची डबी कौतुकानं पाहिली, तारण काय म्हणून विचारलं, आणि वडिलांचं क्वार्टर रेल्वेचं आहे असं कळल्यावर फार नम्रपणे नाही म्हटलं. कागदोपत्री माझं काहीच चुकलं नव्हतं. मावशी शेजारच्या खिडकीवर ठेव नूतनीकरणासाठी उभी होती. तिनं ठेव मोडली. बाहेर पायरीवर तिनं त्या पोरीला विचारलं, की आतापर्यंत काय बुडवलं. प्रणाली म्हणाली, की तीन डब्या जाळल्या, चौथी ही आहे.

चौथीही गेली. पाचव्या नमुन्याच्या डब्या तिनं शेतकऱ्यांना वापरायला दिल्या, त्याही फसल्या. अमरावतीच्या गार प्रयोगशाळेत तिचं माप बरोबर निघायचं. वाशीमच्या ऑक्टोबरच्या उन्हात डबी तापली आणि प्रत्येक दाणा कोरडा ठणठणीत दाखवू लागली. शेतकरी खूश, व्यापारी हातघाईवर, आणि आठवडाभरात सगळ्या डब्या परत. कोणी तीत साखर टाकून पाहिली होती, एकानं जीभ लावली होती. त्या बुधवारी प्रणालीनं भाकरीला हात लावला नाही. मावशीनं तिची सगळी हकिकत दोनदा ऐकली आणि म्हणाली, "दोन पानं नाही दिसून राह्यले, एकच दिसते. पन हिरवं हाय." आणि पैसे दिले.

सहावी डबी चालली. पुढच्या हंगामात पाच जिल्ह्यांतून मागणी आली. एका हार्डवेअरच्या दुकानालगतच्या हॉलमध्ये अठरा मुली डब्या जोडू लागल्या. मागणी एवढी, की जोडायला सुटे भागच नाहीत, आणि सुटे भाग घ्यायला मावशीच्या झारीतलं पाणी पुरेना. तेव्हा पुण्याच्या एका फंडानं चौकशी केली. सौरभ नावाचा एक तरुण पांढरे बूट घालून आला, आमच्या काळ्या मातीतून मावशीच्या शेडपर्यंत चालला, आणि परत जाताना त्याचे बूट कोणत्या रंगाचे होते ते आता सांगता येणार नाही. पण पोरगा चांगला होता. त्याला डबी आवडली, मुली आवडल्या, दोन वेळा भाजी वाढून घेतली. पैसे द्यायचं ठरलं. फक्त त्याआधी सगळे कागद तपासायचे होते. सोयरीक ठरवताना घरच्यांची चौकशी करतात तसं, असं मी मावशीला सांगितलं.

आणि त्या चौकशीत तो कागद निघाला.

प्रणाली सरळ मुलगी. मागितले ते सगळे कागद तिनं पाठवले, त्यात मावशीबरोबरचा स्टॅम्पपेपरही. हा कोर्टाबाहेरच्या एका अर्जनवीसानं टाइप केला होता. हयातभर त्यानं बटईपत्र आणि वारसाचे अर्ज याखेरीज काही टाइप केलेलं नव्हतं. मावशीनं त्याला सांगितलं, की या पोरीच्या कंपनीत माझी बटई, दहावा हिस्सा. त्यानं नेहमीचा मजकूर काढला आणि 'शेत' होतं तिथं 'कंपनी' घातलं. पुण्याच्या वकिलांनी तो कागद वाचला आणि सौरभनं तो मला फोनवर वाचून दाखवला. सदर कंपनी मौजे वाशीम ही मालक केसरबाई राऊत यांनी बटईदार प्रणाली खंडारे हिला वहितीस दिली आहे. चतुःसीमा, पूर्वेस पंक्चरचे दुकान, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस हार्डवेअर, दक्षिणेस मोकळी जागा. बटईदाराने सदर कंपनीत विहीर खोदू नये. झाडे तोडू नयेत. मालक सांगेल तेव्हा कंपनी रिकामी करून द्यावी.

मी हसत होतो. मग सौरभनं विचारलं, की खाली साक्षीदार क्रमांक एक म्हणून तुमची सही आहे ना.

होती. आयुष्यभर लोकांना प्रत्येक पान वाचायला लावून सह्या घेणाऱ्या मी, त्या दिवशी चहा आला म्हणून न वाचता सही केली होती. माझ्या खात्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याची बदली केली असती.

अर्थ सरळ होता. कागदाप्रमाणे कंपनी मावशीची आणि प्रणाली तिची बटईदार. कोर्टात तो कागद टिको न टिको, तो जिवंत असेपर्यंत फंड एक पैसा टाकणार नव्हता. मावशीनं मालकी सोडल्याची सही महिनाअखेरपर्यंत दिली तर ठीक, नाहीतर फंडाची समिती पुढच्या कंपनीकडे वळणार होती. सोयाबीन निघायला दीड महिना उरला होता. आत्ता सुटे भाग घेतले नाहीत तर हंगाम गेला, आणि हंगाम गेला तर अठरा मुलींना घरी पाठवावं लागणार, हे प्रणालीनं मला माझ्या ओसरीवर बसून सांगितलं. मावशीला स्वतः जाऊन सांगायची तिची हिंमत होत नव्हती. पैसे दिले तेव्हा जिनं तारण मागितलं नव्हतं, तिला आता मालकी सोडून द्या कसं म्हणायचं.

मी सांगितलं. मावशीनं ऐकलं, हं म्हणाली, आणि मिरचीची रोपं उपटायला लागली.

बातमी गल्लीत पसरायला संध्याकाळ लागली नाही. मावशी कंपनीची मालकीण निघाली हे कळल्यावर तिच्याकडे ज्यांचं कधी येणं नव्हतं असे लोक येऊ लागले. एकानं सांगितलं, सही करू नका, पुण्यात फ्लॅट मागा. दुसऱ्यानं सांगितलं, अर्धी कंपनी मागा. दूरच्या नात्यातला एक जण वकील घेऊनच आला. मावशी सगळ्यांना चहा देत होती, ही गोष्ट मला खटकली. बुडवल्याशिवाय चहा न देणारी बाई फुकट चहा देतेय म्हणजे तिच्या मनात काहीतरी शिजतंय. चार दिवस ती काहीच बोलली नाही. मला शंका आली, की मावशीला मालकीची चव लागली. ती शंका मी मनात ठेवली, पण आली होती, आणि तिची लाज मला अजून वाटते.

पाचव्या दिवशी तिनं निरोप पाठवला, की कोर्टाजवळ नोटरीकडे या. सौरभ आला, प्रणाली आली, साक्षीदार क्रमांक एक म्हणून मी गेलो. या वेळी मी कागदाचं प्रत्येक पान दोनदा वाचलं. मालकी सोडल्याच्या रकान्यापुढं रकमेची जागा कोरी ठेवली होती. सौरभनं लॅपटॉप उघडला, घसा साफ केला आणि विचारलं, की आजी, किती लिहायचं. पुण्याहून येताना त्याला वरची मर्यादा सांगितलेली असणार, कारण तो घामाघूम झाला होता. प्रणाली नखं बघत होती.

मावशी म्हणाली, की दहावा हिस्सा ठरला होता, तो बरोबर लिहा. नवे पैसे आले की तो पातळ होणार हे तिला माहीत होतं. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी वाढवलं की वाटीतलं वरण पातळ होतं, पण गंज भरतो, एवढं तिनं आपणहून सांगितलं. सौरभ माझ्याकडे बघायला लागला. हे समजवायला त्यानं लॅपटॉपवर चित्रं करून आणली होती.

"आणि मालकी सोडण्याचे?" त्यानं विचारलं.

"ते मी कवा मांगतली होती? ते त्या अर्जनवीसानं देल्ली. त्याचे कायचे पैसे?"

कोऱ्या जागेवर सौरभचं बोट तसंच राहिलं. मग मावशी खुर्चीत पुढं सरकली.

"पन एक खुर्ची पायजे मले. तुमची मिटिंग होईन नं दर तीन महिन्यानं, तेथी. मत नाही पायजे. बोलनारबी नाही मी. फकत बसू द्या अन् काय बिघडलं ते आयकू द्या."

सौरभ म्हणाला, की अशी जागा असते खरी, निरीक्षक म्हणून, फक्त बसून ऐकणारा. पण ती मोठ्या गुंतवणूकदारांना देतात, व्यक्तींना सहसा नाही, त्याला पुण्याला विचारावं लागेल. मावशी म्हणाली, "विचार, मी बसतो."

तो बाहेर फोनवर गेला. प्रणालीला तोवर रडू आलं होतं. ती म्हणाली, की मावशी, खुर्ची तर तुम्हाला मी तशीच दिली असती. त्यावर मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "तशीच देल्लेली खुर्ची नवे मानसं आले का उचलून ठेवतेत वं बाई. तू नाही उचलनार, ते उचलतीन. कागदावर पायजे."

सौरभ वीस मिनिटांनी परत आला. पुणे हो म्हणालं होतं. एवढं मोठं प्रकरण एका खुर्चीवर मिटतंय यावर तिकडे कोणाचा विश्वास बसेना, म्हणून वेळ लागला. कलम लिहिलं गेलं, सह्या झाल्या. पैसे आठवड्यात आले, सुटे भाग आले, आणि हॉलमधल्या अठरा मुली त्या हंगामात एक दिवसही बसून राहिल्या नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. आम्ही दोघं ऑटोनं घरी आलो. मी तिच्या शेडमध्ये विटांच्या ओट्यावर टेकलो, आणि चार दिवस मनात असलेली शंका मी तिला सांगून टाकली. तिला राग आला नाही. मग मी विचारलं, की एवढं सगळं हातात असताना नुसतं बसायचंच का मागितलं.

ती शर्टाच्या बाह्या वर करत होती, ट्रेंना पाणी घालायची वेळ झाली होती.

"माहा पोरगा इलास पुण्यात हाय, तुमाले ठाऊक हाय," ती म्हणाली. "रोज सातले फोन करते. कसं हाय म्हनलं का, सारं ठीक हाय म्हंते. एक मिनिट होत नाही, ठेवते. मांगच्या साली सहा महिने त्याची नोकरी गेली होती, सायेब. रोज सारं ठीक म्हने. मले एका लग्नात पाहुन्याकडून समजलं." तिनं झारी उचलली आणि परत खाली ठेवली. "या पोराइले मी पैसे देतो, तं ते मले बिघडलेलं सांगतेत. पैशाबिगर कोन सांगते बुढीले?"

माझी मुलगीही फोनवर सगळं ठीक आहे म्हणते, आणि मीही तेच म्हणतो. इतकी वर्षं मी याला चांगलं चाललंय असं समजत होतो.

सात वाजले आणि तिच्या खिशातला फोन वाजला. विलासच होता. तिनं नेहमीसारखं कसा आहेस विचारलं, तिकडून नेहमीचं उत्तर आलं असणार. मग त्यानं तिची चौकशी केली, आणि मावशी, जिनं दुपारी एक अख्खी कंपनी सोडून दिली होती, म्हणाली, "काही नाही रे, सारं ठीक हाय."

आणि थांबली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"थांब, ठेवू नको," ती फोनमध्ये म्हणाली. "ठीक नाही. दोन महिने झाले, माहा गुडघा दुखते. रातीचा झोपू नाही देत. पावसात अर्धं शेड उडालं होतं, तुले सांगतलं नाही. अन् तुही नोकरी गेली होती, मले ठाऊक होतं इलास. मी इचारलं नाही. ते माह्यं चुकलं."

मावशी ट्रेंच्या मधल्या वाटेत खाली बसली, फोन दोन्ही हातांनी धरून. मग तिकडून तो बोलायला लागला. शब्द मला ऐकू येत नव्हते, पण एका मिनिटाचं ते बोलणं नव्हतं. ती मधूनमधून फक्त हं म्हणत होती.

मी उठलो. घरी जावं की काय कळेना, आणि रोपं तर सुकत होती, म्हणून मी झारी उचलली. वांग्याला पाणी किती घालायचं ते मला माहीत नव्हतं. मावशीनं फोन कानाला तसाच धरून मला बोटांनी खूण केली, थोडं थोडं. मी एकेका ट्रेला थोडं थोडं घालत शेवटच्या ओळीपर्यंत गेलो आणि परत पहिल्या ओळीशी आलो, तरी तो बोलतच होता.